दोऱ्यानं बांधलेलं विमान

"पयले बांधून पाहू, बाई," असं म्हणत भाऊ खिशातून निळ्या नायलॉन दोऱ्याची गुंडी काढत. आमच्या शाळेत काहीही मोडलं की त्यांचं पहिलं वाक्य हेच. खुर्चीचा हात, दप्तराचा बंद, कपाटाची मूठ, सगळं ते आधी बांधून पाहत आणि मग ते वर्षानुवर्षं तसंच बांधलेलं राही. एकदा भारताचा नकाशा मधोमध फाटला. मुख्याध्यापकांनी डिंक मागवला. तो येईपर्यंत भाऊंनी नर्मदेच्या काठाकाठानं जाळ्याची वीण घालून दोन्ही तुकडे जोडूनही टाकले होते. तो नकाशा अजून वर्गात आहे आणि मुलं नर्मदा अचूक दाखवतात.

मुलचेऱ्याच्या शाळेत ते शिपाई होते. घर ढिवरांचं, पहाटे तलावात जाळं टाकून मग शाळेत यायचे. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून जाळं विणत बसायचे. असा बोटांनी विचार करणारा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. डिंकावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "बांधलेलं सोडता येते, बाई. चुकलं तं पुन्हा बांधता येते. चिकटोलं का मंग मोडाच लागते." मी विज्ञान शिकवणारी. मला हसू यायचं.

बायको लवकर गेलेली. घरात एकच मुलगी, माझी विद्यार्थिनी. दहावीत असताना तिला विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळालं, ते म्हणजे एक छोटं खोकं. आत प्लॅस्टिकच्या चौकटीला लागलेले तीसेक करडे तुकडे होते. सगळे जोडले की तळहातावर मावेल एवढं, दोन माणसांचं विमान व्हायचं. चाकं तर धानाच्या दाण्याएवढी. रविवारी बापलेक शाळेच्या व्हरांड्यात बसायचे. ती कागदावरची चित्रं वाचून सांगायची, भाऊ नेलकटरनं तुकडे कापायचे. करार असा होता की बापानं दोऱ्यानं बांधून पाहायचं आणि नीट बसलं की लेकीनं चिकटवायचं. सांगाडा चिकटला. पंख, शेपूट आणि चाकं बांधून झाली, तेवढ्यात ती कॉलेजला चंद्रपूरला गेली.

तिथं तिनं दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं आणि फोनवर कळवलं. भाऊ तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पाणी भरत होते. मी समोरच होते. "आता इथी येऊ नको," एवढंच ते बोलले. मुलगीही बापावरच गेलेली. ती आली नाही.

आठवड्याभरात भाऊंना पश्चात्ताप झाला, पण तसं म्हणतील तर शपथ. जावई कोरपन्याजवळ नोकरीला लागल्याचं कळलं होतं. मग तिकडे कोणी जायला निघालं की भाऊ त्याला गाठत, "विमान अर्धं राह्यलं हाय म्हणून सांगजा तिले." त्या निरोपात माफी होती, बोलावणं होतं, सगळंच होतं. नेणाऱ्याला मात्र ते नुसतं विमान वाटायचं.

अशी तीन वर्षं गेली. विमान प्रयोगशाळेच्या कपाटावर असायचं. दर शनिवारी भाऊ ते खाली घेत, दोरे सोडून धूळ पुसत आणि लहान मुलीची वेणी घालावी तसे पुन्हा बांधत. मी चिडायचे. "भाऊ, किती दिवस चालणार हे? चिकटवून मोकळे व्हा."

"ते तिचं काम हाय, बाई. म्या काऊन करू?"

मग त्यांचं पोट फुगायला लागलं आणि त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवलं. मुलीला फोन लावते म्हटलं, तर त्यांनी माझा हातच धरला. "नोका लावू. दुखनं आयकून येईन, तं ते येनं नाई."

ते तीन आठवडे तिथं होते आणि तेवढ्यात मी शहाणपणा केला. या वाट पाहण्यानंच माणूस खंगला, अशी माझी खात्री झाली होती. बाजारातून चांगला गोंद आणला, कात्रीनं दोरे कापले, पंख, शेपूट, चाकं सगळं मन लावून चिकटवलं. गोंदाचा एक डागही पडू दिला नाही. भाऊ परत आले की खूश होतील, या विचारानं मीच खूश होते.

भाऊ आले. अर्धे झाले होते. त्यांनी विमान हातात घेतलं, अंगठ्यानं पंख हलकेच दाबून पाहिला. तो हलला नाही. मग दोरा शोधत असल्यासारखं एकदा टेबलाखाली पाहिलं.

"चांगलं झालं, बाई. सरळ बसलं," म्हणाले आणि विमान कपाटावर ठेवून दिलं. त्यानंतर एकाही शनिवारी त्यांनी ते खाली घेतलं नाही.

महिन्याभरानं आमचे एक शिक्षक कोरपन्याला निघाले. सवयीनं विचारायला आले, "भाऊ, निरोप?"

"आता काई नाई. विमान पुरं झालं."

मी फळा पुसत होते. हातातलं डस्टर तसंच राहिलं. मी काय करून बसले होते ते मला तेव्हा कळलं. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, मी ते पुन्हा सुटं करून देते. "मोडन ना, बाई," ते म्हणाले. "राहू द्या. तुमी चांगल्यासाठीच केलं." रागावले असते तर फार बरं झालं असतं.

धानाच्या कापणीच्या दिवसांत ते गेले. मुलगी कळल्यावर आली. तेराव्यानंतर त्यांचं सामान न्यायला शाळेत आली तेव्हा तिनं कपाटावरचं विमान पाहिलं. खाली घेऊन खिडकीपाशी नेलं. एकेक सांधा बोटानं चाचपला.

"निरोप मिळत होते मले," ती म्हणाली. "मी म्हणे, बाबा थांबून हायेत, जाऊ आपण, दिवाळीत जाऊ. मंग निरोप बंद झाले. मी समजली, राग कायमचा हाय." मग तिनं विचारलं, "बाई, हे बाबानं एकट्यानंच पुरं केलं?"

मी मान हलवली. होकारार्थी.

"सफाईदार केलं," ती म्हणाली आणि तिनं ते ओढणीत गुंडाळलं.

बस सुटेपर्यंत मी स्टँडवर उभी होते. ती खिडकीशी बसली होती, मांडीवर ती गुंडाळी, वर दोन्ही हात. तिनं मला नमस्कार केला. मीही केला.

तिचा नंबर मला पाठ आहे. ते पंख मी चिकटवले, तुझे बाबा थांबले होते, एवढी दोनच वाक्यं सांगायची आहेत. अजून फोन लावलेला नाही.