फ्लेक्सवरचं एक अक्षर

माझ्या मैत्रिणीला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात मी तिच्यावर इतकी चिडलेली होते, की वाढदिवसाला जाऊच नये असं मनात येत होतं. तंजावूरच्या राजवाड्यामागे आम्हा दोघींची घरं शेजारशेजारच्या गल्ल्यांत, शाळा एक, आणि एकमेकींवर चिडायची सवयही तेव्हापासूनची. पण या वेळी कारण मोठं होतं. ती बँकेत आहे. तिला मॅनेजर म्हणून बढती आली होती आणि बदली तिरुनेलवेलीला. सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं. याआधी तिनं दोनदा नाही म्हटलेलं. आता तिसऱ्यांदा म्हटलं की पुन्हा कुणी विचारणार नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या वेळी मुलीची दहावी आडवी आली. दुसऱ्या वेळी सासूबाईंचे गुडघे. आता मुलगी तिरुचीला कॉलेजात, सासूबाई तर गेल्याच. मग आता माशी कुठं शिंकली? तर नवऱ्यापाशी.

"त्यांना कॉफीचं डिकॉक्शनसुद्धा घालता येत नाही गे," ती म्हणाली.

"फिल्टरात पूड घालायची, वर ऊन पाणी ओतायचं. त्याला काय इंजिनिअर व्हावं लागतं?"

"ते इंजिनिअरच आहेत."

मी कपाळाला हात लावला. नवरा वाईट असता तर निदान भांडता आलं असतं. हा सज्जन. 'तुझी मर्जी' म्हणतो आणि असा सुस्कारा सोडतो की ऐकणारीनं जागच्या जागी राजीनामा द्यावा. वीस वर्षं मी तिला सांगत आले, अगे तुझं डोकं आमच्या सगळ्या वर्गात चांगलं होतं, ते काय सांबाराला फोडणी द्यायला? ती ऐकून घेते, 'सरी सरी', म्हणजे बरं बरं, म्हणते, आणि मला आणखी एक पोळी वाढते. तिच्याशी बोलून माझाच रक्तदाब वाढतो.

त्यात तिच्या मुलीचा फोन. आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांत वाढदिवस जन्मनक्षत्राचा, तो मंगळवारी पायसम् करून घरातल्या घरात झालाही होता. पण मुलीला रविवारी छोटासा मंडप, म्हणजे हॉल, भाड्यानं घेऊन, फ्लेक्स लावून तारखेचा करायचा होता. फ्लेक्सवर अम्मासाठी एक ओळ मराठीत पाहिजे, ती मीच द्यायची, कारण लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळं आमच्यात देवनागरी लिहिता येणारी मी एकटी. मी छान वळणदार अक्षरात लिहून पाठवलं: 'अम्मा, तू बळ आमचं'. दोन मिनिटांत उत्तर आलं, मावशी, हे वाचता येत नाही, तमिळ अक्षरांत द्या. दिलं. आमची मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळ अक्षरांतच लिहितात, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. राग डोक्यात असला की माणूस दोनदा तपासून बघत नाही.

रविवारी मंडपाच्या दारातच शेजारच्या मामींनी मला गाठलं. "कोणावर थुंकताहेत?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. त्यांना मराठी येत नाही, आणि तमिळमध्ये 'तू' हा थुंकण्याचा आवाज. मी वर बघितलं. फ्लेक्सवाल्यानं ओळ मोडली होती. 'अम्मा, तू' आणि पुढचा शब्द हातभर मोठ्या अक्षरांत, शेवटी उद्गारचिन्ह त्याच्या पदरचं. 'आमचं' बिचारं खाली फुलांच्या माळेमागे गेलेलं. आणि तमिळमध्ये प आणि ब यांना अक्षर एकच. शब्दाच्या सुरुवातीला आलं की प वाचायचा. तंजावूरच्या पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट मला सुचली नव्हती.

मैत्रीण नवं रेशमी पट्टुपुडवं सावरत आली, वर बघितलं आणि मोठ्यानं वाचलं.

"अम्मा, तू पळ!"

आमच्यातले जे होते ते खोखो हसायला लागले. तिचा नवराही हसला. ती तर इतकी हसली की डोळे पुसायला लागली, आणि पुसतापुसता हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. डोळे पुसणं चालूच होतं. मी शरमेनं खुलासा करायला पुढं झाले, तर तिनं मला हातानं बाजूला केलं.

"तू लिहिलंस?" तिनं मुलीला विचारलं.

मुलीनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. तिला मराठी कळते सगळी, पण उत्तर नेहमी तमिळमध्ये. त्या दिवशी ती जपून, एकेक शब्द शोधत बोलली. "पळ अम्मा. अप्पांना मी बघते."

"मला काय बघायचं," नवरा पुटपुटला, आणि सुस्कारा सोडायला म्हणून घेतलेला श्वास त्यानं तसाच गिळला.

केळीच्या पानावर बसल्यावर ती माझ्या कानाशी वाकली. "उद्या हो म्हणून सांगते गे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं मी घसा कोरडा केला, आणि हिनं ऐकलं कोणाचं, तर फ्लेक्सवाल्याचं! हे मी तिला सुनवणारच होते. पण तोंड उघडलं आणि समोर ती गेल्यानंतरची एक रविवारची दुपार दिसली. तिच्या घराला कुलूप नाही, पण ती आत नाही. मी चप्पल घालून तिच्या गल्लीपर्यंत गेलेली, आणि मग कुठं जायचं ते न कळून उभी.

"तिरुनेलवेली फार लांब आहे गे," मी म्हणाले. "ऊन पण फार तिकडं. अजून एकदा विचार कर."

तिनं माझ्या पानावर पोळी वाढली, 'सरी सरी' म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे माझं ऐकलं नाही.