शेजाऱ्यांच्या मुलाची व्हिस्की

चेन्नईत माझ्या समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको राहतात. तंजावरकडचे मराठी, शब्द जुन्या पोथीतले आणि हेल तमिळ. मी त्यांना मामा-मामी म्हणते.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी मामांनी माझं दार वाजवलं. अमेरिकेतल्या त्यांच्या मुलाने नोकरी सोडून मक्याची व्हिस्की, बर्बन, गाळायला सुरुवात केली होती. पहिली बाटली कुणाबरोबर तरी पाठवली होती.

"आमच्या घरांत कोणी दारूस शिवलेलें नाही," मामा म्हणाले. "तुम्ही घेतां, हें ठाऊक आहे. चाखून खरें सांगा. मुलगा शहाणा कीं वेडा, इतकेंच."

मी घेते हे त्यांना कसं कळलं, ते मी विचारलं नाही. त्यांच्यामागे गेले.

मामींनी स्टीलचा टंबलर पुढे केला आणि पदर नाकाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. रंग सुरेख होता, गडद तांबूस. वास मात्र नेलपॉलिशचा, मागून ताज्या कापलेल्या प्लायवुडचा. घोट घेतला. आधी केकमधल्या इसेन्ससारखा खोटा गोडवा, मग कच्चं मक्याचं पीठ, आणि मग लाकूड. नुसतं लाकूड. सुताराने रंधा मारलेल्या फळीवर जीभ फिरवावी तसं. गाल आतून आवळले, हिरड्या खरखरीत झाल्या, घशात जळक्या लाकडाची कडू राख बसली. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून गिळलं.

"परवाइल्लै," मी म्हणाले. ठीक आहे, चालेल, असं सांगायला हा तमिळ शब्द फार सोयीचा आहे.

मामांचा चेहरा फुलला. त्यांनी टंबलर पुन्हा भरला आणि मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. "शेजारच्या बाई म्हणतात, उत्तम झाली आहे," मामांनी सांगून टाकलं.

मुलगा हसला नाही. "तुम्ही खरं सांगा," तो मला म्हणाला. "अप्पांना काय कळतंय?"

दुसरा घोट तोंडात होता. तो गिळवेना. शेवटी गिळला आणि सांगितलं, "लाकूड फार आहे. दारू कोवळी आहे अजून, लाकडी पिंपानेच तिला खाल्लंय. मी पुन्हा घेणार नाही."

तो म्हणाला, "आठच महिने ठेवली. पिंपं मुद्दाम लहान घेतली, लवकर रंग यावा म्हणून. मला धीर धरवला नाही."

मामांनी माझ्या हातातून टंबलर घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा दारूचा घोट घेतला. उठून बेसिनमध्ये थुंकले. तीन वेळा चूळ भरली. परत येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "मग परवाइल्लै कां म्हटलेंत?"

तोंडातल्या त्या कडू राखेपेक्षा मला त्या वेळी स्वतःचीच जास्त किळस आली.

मामींनी बाटली मोरीत ओतली. जिन्यात दोन दिवस वास होता. मुलाने उरलेली पिंपं अजून उघडलेली नाहीत, असं मामींनीच मला पुढे सांगितलं. मामा माझ्याशी नीट बोलतात. पण कशाबद्दलही माझं मत विचारत नाहीत.