मास्तर आणि एरंडीची ढेप

वामनराव मास्तरांबद्दल उकंडरावला खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. रोहिणखेडच्या शाळेत शिपाई म्हणून नऊ वर्षं त्याने त्यांच्या परीक्षानळ्या धुतल्या, पण मास्तरांना भाऊ किती, घरच्या बाई कुठल्या, मास्तर रात्री झोपतात की वाचत बसतात, यातलं त्याला काहीच सांगता आलं नसतं. एरंडीच्या बीच्या पोटात काय असतं, ते मात्र त्याला पाठ होतं. मास्तर ते रोज सांगत.

त्याला कारण झाला मास्तरांचा नागपूरचा मेहुणा. आणीबाणी उठल्यानंतरच्या एका हिवाळ्यात त्याने कुठल्याशा इंग्रजी मासिकाची पानं पाठवली. एरंडीतलं विष हे एक प्रथिन आहे, आणि त्याचा रेणू म्हणजे दोन साखळ्या, असं त्यात होतं. त्या दिवसापासून नववीचा अभ्यासक्रम जिथे होता तिथेच थांबला आणि मास्तर पुढे निघाले.

बाजारातून लाल आणि काळे मणी आले. एका साखळीला अडीचशेच्या वर मणी. ते ओवायचं काम अर्थात उकंडरावकडे. मोडक्या छत्रीच्या तारांवर त्या माळा वळवून, घड्या घालून मास्तरांनी गुंता केला आणि दोन्हींच्या मध्ये तांब्याच्या तारेचा एकच आकडा अडकवला. तो म्हणे गंधकाचा दुवा.

"उकंडराव, हे बघ. ही लाल साखळी म्हणजे लग्नघरी आलेला गोडबोल्या पाहुणा. पेशीच्या दारात यजमानाचा हात धरून बोलत राहतो. तेवढ्यात ही काळी आत शिरते आणि चूल विझवते. मग पेशी उपाशी मरते."

"अन् एकटी काळी आली तं?"

"तिला दार कोण उघडणार?"

उकंडरावला हे फार आवडलं. तो घरी जाऊन बायकोला, गीताबाईला, सांगायला लागला, तर ती म्हणाली, "शाळेत पोरं तरी हायेत का, का तुम्ही दोघंच असता?"

त्या उन्हाळ्यात ढोरांना घालायची सरकीची ढेप, म्हणजे पेंड, मिळेनाशी झाली. उकंडरावची म्हैस नुकतीच व्यायली होती, वगार म्हणजे मादी रेडकू झालं होतं, घरात खाणारी तोंडं पाच, आणि सगळं घर तिच्या दुधावर. मास्तरही तिचंच दूध घेत. उकंडरावचं तोंड उतरलेलं पाहून ते म्हणाले, "एरंडीची ढेप घाल."

"मास्तर, ते तं खत हाये. ढोर मरते."

"कच्ची खाल्ली तर. उकळली की या घड्या उलगडतात. घडी मोडली की विष संपलं. शिजलेलं अंडं परत पातळ होतं का?"

होत नव्हतं. उकंडराव रहेमतुल्लाच्या तेलघाण्यावर गेला. रहेमतुल्लाने ढेपेवर हात ठेवला आणि सोडेचना. "उकंडराव, ये खेत का खाना है, भैंस का नहीं."

"मास्तरनं उकळ्याले सांगतलं."

"मास्तर खाके देखे क्या?"

मास्तरांनी खाऊन पाहिली नव्हती, पण ते घड्याळ घेऊन स्वतः अंगणात आले. शाळेतलं पंधरा ऑगस्टच्या चहाचं पातेलं चुलीवर चढलं. विटेएवढ्या जाड ढेपा सगळ्याच्या सगळ्या पाण्यात गेल्या. गीताबाई पदर खोचून पुढे झाली.

"मास्तर, बटाटाबी असा शिजत नाई हो. फोडून तरी टाका."

"बाई, रेणूला फोडी लागत नाहीत."

ती मागे सरली. पाण्याला उकळी आल्यापासून बरोबर वीस मिनिटांनी मास्तरांनी घड्याळ खिशात टाकलं आणि ढेप म्हशीपुढे ठेवायला लावली. म्हशीने खाल्ली. भूक असली की म्हैस विज्ञानाशी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पाण्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी शेणातून रक्त पडलं आणि ती बसली ती उठेना. मोताळ्याहून ढोरांचे डॉक्टर आले. कोळशाची भुकटी पाण्यात कालवून बांबूच्या नळ्याने पाजली, सुया टोचल्या. मग उरलेली ढेप त्यांनी दगडाने फोडली. वरून चिखल, आत खडखडीत कोरडी.

"इथवर तर पाणीसुद्धा गेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी एक कोरडा तुकडा उचलून बोटांनी चुरला. मग म्हणाले, "तत्त्व बरोबर होतं."

"मंग उद्या तत्त्वाचं दूध काढा," गीताबाई म्हणाली.

मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून दूध दुसरीकडून आणलं. म्हैस चार दिवसांनी उठली, पण हाडं मोजून घ्यावीत अशी.

पुढच्या महिन्यात बुलढाण्याला विज्ञान प्रदर्शन होतं. एस.टी.त मण्यांचा तो गुंता मांडीवर घेऊन कोण बसलं असेल ते सांगायला नको. टेबलावर मास्तरांनी पाटी लावली: 'उष्णतेने विष निष्प्रभ होते. प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध.' उकंडरावने ती दोनदा वाचली. मास्तर चहाला गेले तेव्हा त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि मध्येच, वाकड्या अक्षरात, 'ढेप बारीक फोडून' एवढं घातलं. नऊ वर्षांत त्याने मास्तरांच्या कामात केलेला हा एकमेव बदल.

परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "फोडायची का?"

मास्तरांनी वाकून ती ओळ पहिल्यांदाच वाचली. "उष्णता आतपर्यंत पोचायला हवी," ते म्हणाले. "हे बारकावे अनुभवाने कळतात." दुसरा क्रमांक मिळाला. पेन्सिलीचं अक्षर कोणाचं, हे मास्तरांनी कधीच विचारलं नाही.

जूनमध्ये त्यांची बदली जळगाव जामोदला झाली. ट्रंक टपावर चढवून उकंडराव खाली उतरला, तेव्हा मास्तर खिडकीशी बसले होते.

"म्हैस खाते का नीट?"

"हाव, खाते."

"दूध?"

"वगारीपुरतं."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नांदुऱ्याला गाडी बदलावी लागते ना?"

"हाव. तिथं च्या घेऊन घ्या, टाइम असते."