खंडेनवमीचा संगणक

यंत्रांचा इतिहास द्रष्टी माणसे जपतात. विक्रोळीच्या आमच्या कारखान्यात तो एका बाईने कुंकवाच्या करंड्याच्या जोरावर जपला. तिचे नाव मी कधी विचारले नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जुना, चार कपाटांएवढा संगणक मोडीत काढायचा होता आणि साहेबांनी भंगारवाल्याला नेमके खंडेनवमीला बोलावले. हमाल घण घेऊन आले तेव्हा साठीची एक बाई संगणकासमोर उभी होती. पूर्वी ती त्यावर ऑपरेटर होती म्हणे. तिने पदराने धूळ पुसली, प्रत्येक कपाटाला कुंकू लावले, झेंडूची माळ घातली आणि स्टूल ओढून तिथेच बसली.

हमालांनी घण खाली ठेवले. "पूजेच्या मशीनवर घण नाय घालणार, साहेब."

"अहो बाई, हे बंद पडलंय," साहेब म्हणाले.

"चालू होतं तेव्हाही दर आठवड्याला बंद पडायचं. आम्ही दुरुस्त करायचो. तोडायचं कुणाच्या डोक्यात नाही आलं."

"बरं, उद्या तोडू."

"उद्याही पूजा करीन. परवाही. रिटायर झालेय, मला दुसरं काम काय?"

साहेब दरवर्षी याच दिवशी परंपरेवर भाषण करत, त्यामुळे त्यांना पूजा थांबवता येईना. आठवडाभर ती रोज आली. शेवटी संगणक सायकल स्टँडमध्ये हलवला. तिथे बसून ती एकेक तार पुन्हा जोडू लागली.

पुढच्या पावसाळ्यात उघड्यावर लावलेल्या आमच्या सगळ्यांच्या सायकली गंजल्या.