तापल्या बिडावर गार पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सांगण्यासारखं मोठं काही आहे असंही नाही — एका तव्याची गोष्ट आहे. आणि त्याचीच मला चीड येते. एका तव्याबद्दल खरं बोलायला वीसेक वर्षं कमी पडावीत?

मी कामाची बाई आहे. आटगावजवळच्या आमच्या गावात महिलांचा बचत गट आहे. तिथे कुणी काय करायचं, कधी करायचं, हे मी ठरवते, लिहून काढते आणि करून घेते. बिडाच्या भांड्यांचं तर विचारूच नका. हल्ली सगळ्यांना नॉनस्टिकचा कंटाळा आलाय. हौसेनं बिडाचा तवा आणायचा, महिन्याभरात गंजवायचा आणि मग मला फोन करायचा. मी सांगते — साबण नको, तारेची घासणी नको, रात्रभर भिजत तर अजिबात नको. चिकटलं असेल तर जाड मीठ चोळा. कोमट पाण्यानं धुवा, लगेच विस्तवावर कोरडा करा, आणि गरम आहे तोवर तेलाचा हात फिरवा. तवा नवा असेल तर अर्धा कांदा तेलात बुडवून घासत राहा, काळा कुळकुळीत होईपर्यंत. आणि तापल्या बिडावर गार पाणी कधीही ओतू नका. तडा जातो.

इथे गटातली कुणी ना कुणी हसतेच. "वंदीला इचारा गो. ती एका तव्याचे दोन करते."

वंदना माझी धाकटी जाऊ. तीही हसते.

आणि कधीकधी — तो विनोद मीच करते.

तो तवा सासूबाईंचा होता. त्यांनी तो मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेतून आणलेला. इतका वापरलेला, की घावन उलथनं लावायच्या आधीच सुटून यायचं. तो त्या दुसऱ्या कुणाला धुऊ द्यायच्या नाहीत. पुढे त्यांना ओट्याशी फार वेळ उभं राहवेना, तेव्हा मोठी सून म्हणून तो माझ्या हातात आला. मला त्याचा ताठा होता. तव्याचा ताठा — आता हसू येतं का? नाही येत.

त्या दिवशी पाहुणे जेवून गेले होते. ओटा भांड्यांनी भरलेला. मला काम अर्धवट राहिलेलं खपत नाही. एरवी हे मी गुण म्हणून सांगते. शेवटचं घावन करपून तव्याला धरलं होतं. तवा निवेपर्यंत थांबायचं असतं, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण थांबायचं म्हणजे काम बाकी ठेवायचं. मी तांब्याभर गार पाणी सरळ त्याच्यावर ओतलं.

टण्ण — एवढाच आवाज. कडेपासून मध्यापर्यंत एक रेघ, केसाएवढी. मी तिच्यावर तेल चोळलं. काळ्यावर काळं, रेघ दिसेनाशी झाली. तवा जागेवर उभा करून ठेवला, आणि ओटा रिकामा झाला म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

सकाळी वंदनानं तो गॅसवर ठेवला. तिच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तवा तापला का, हे बघायला तिनं बोटांनी पाण्याचा शिपका मारला — आपण सगळ्याच मारतो तसा. मी तिथेच बसून कोथिंबीर निवडत होते. "तो नको, दुसरा घे" — एवढंच म्हणायचं होतं ना? मी म्हटलं नाही. आणि का नाही म्हटलं? टिकेल कदाचित, असं वाटलं. आणि — हेही लिहायलाच हवं — फुटलाच तर तिच्या हातात फुटेल, असंही वाटलं.

फुटला. ती कान धरून उचलायला गेली, अर्धा हातात राहिला आणि अर्धा तिच्या पायावर पडला.

आवाजानं सासूबाई आत आल्या. कुणी काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "वंदना, तापल्या तव्यावर पाणी मारलंस ना?"

"हो," ती म्हणाली. "शिपका मारला जरासा. तापलाय का बघाया."

शिपक्यानं बीड फुटत नाही. हे मला माहीत होतं आणि सासूबाईंनाही माहीत असणार, पण त्यांचा तवा फुटला होता. वंदनाचं माहेर डोळखांबच्या वरच्या अंगाला. तिकडे तेव्हा भाकरी मातीच्या खापरावर भाजायचे. "खापरावर भाजनाऱ्या तुमी," सासूबाई म्हणाल्या, "बिडाचं काय कळनार तुमाला?" वंदनाचा पाय भाजलेला, आणि वर हे. मी तिच्या पायाला हळद लावली. खाली मान घालून, नीट, कडेपर्यंत लावली. सगळ्यांना वाटलं, मोठी जाऊ किती मायेची.

तवा मी फोडला. वंदनानं नाही. मी नुसती गप्प बसले असते तर एक वेळ भित्री म्हणवून घेतलं असतं. मी गप्प बसले नाही. मी तिला कारण पुरवलं, आणि तिनं ते खरं मानलं.

मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. ती भांडली असती तर? एकदा तरी म्हणाली असती, "शिपक्यानं कुठं फुटतो ताई?" पण तिला तसा संशयच येत नाही. तेव्हापासून ती तव्यावर शिपका मारत नाही. तळहात वर धरून धग बघते. काचेची बरणी असेल तर म्हणते, "तुमी काढा, माझ्या हाताचा नेम नाय." कधीकधी मला तिचाच राग येतो — तिचा! आणि मग माझी मलाच किळस येते.

या हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेत आमच्या गटानं घावन-चटणीचा स्टॉल लावला. मी कामं वाटत होते. वंदना म्हणाली, "ताई, या वख्ताला घावनं मी घालू? घरी करून बघितली, चांगली होतात." तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. बायका हसल्या. त्यात तिची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "काकू, आईला तवा नका देऊ हां. स्टॉल बंद करावा लागंल." वंदना तिच्यासोबत हसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग."

तेव्हा बोलता आलं असतं. सगळ्या समोर होत्या, मुलगीही होती. मी वंदनाचं नाव नारळ खवायला टाकलं.

जत्रेत घावनं मी घातली. लोक कौतुक करत होते. गर्दी वाढली तसा मी घाईत पाण्याचा डबा शेगडीला लागूनच ठेवला. वंदना खवणीवरून उठली, हात पुसले, आणि डबा उचलून लांब, दुकानाच्या मागच्या बाजूला नेऊन ठेवला.

"माझा धक्का लागून तव्यावर सांडलं तर," ती म्हणाली. "परत माझ्यामुळं तुमाला तरास नको, ताई."

मी "बरं" म्हणाले आणि पुढचं घावन घातलं.