बोटांना ठावं
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला का मला माजा आगाऊपना आठवतो. खालापूरला तहसील कचेरीबाहेर माजी चहाची टपरी, आन् बाजूच्या झेरॉक्सच्या दुकानात एक भाऊ अर्ज टाईप करून द्यायचे. बोलायचे माज्याशी, बघायचे रस्त्याकडं, तरी बोटं बिनचूक पळायची. एकदा ठाकुरवाडीची एक मावशी आली. साहेब दौऱ्यावर निघायच्या आत अर्ज गेला तरच तिच्या पोरीला नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी दाखला मिळनार होता. मी अडानी, नेमकं तवाच इचारलं, "भाऊ, या बटनांत 'क' कुठं हाय ओ?" भाऊंनी खाली बघितलं, बोट हवेत फिरवलं. "ठावं नाय रं," म्हनले, आन् मंग एक शब्द धड उमटंना. मावशी म्हनली, "चायवाल्या, तुजं तोंड शिवून टाक." पन मी गप बसलो तर भाऊ बोटांकडंच बघत बसले. शेवटी मी सांगितलं, मुलगी बघाया पळसदरीला गेलो आन् चुकून शेजारच्या घरात पोहे खाऊन आलो. भाऊ हसाया लागले, बोटांचा इसर पडला, आन् बोटं सुटली. साहेब गाडीत बसता बसता मावशीनं सही घेतली. आता कुनी इचारलं, "काका, एवढ्या उंचावरनं चहा वतता, सांडत कसा नाय?" तर मी आदी किटली खाली ठेवतो.