विनी टार्पीचा अमेरिकेतला मुलगा

विनी टार्पीचं घर आमच्या घरासमोर, मध्ये फक्त गाडीवाट. तिची चूल कधी पेटते, कोंबड्या कधी सुटतात, हे मला मान वर न करताही कळतं. माझा नवरा ओवेन म्हणतो, पोलिसांनी बायका भरती केल्या असत्या तर मी जमादार झाले असते. म्हणू दे. पाणी मुरत असेल तिथे मुरतंय असं मी म्हणणारच.

विनीचा नवरा मार्टिन लवकर गेला, मुलगी एली तापाने गेली, राहिला एकटा ल्यूक. उंचापुरा, ताठ कण्याचा पोरगा, आणि जमीन एवढीशी की गाय वळली तर तोंड शेजारच्या शेतात जाईल. असली पोरं तेव्हा पीलर व्हायची, म्हणजे पोलीस शिपाई. तेव्हा आमच्यावर राज्य इंग्लंडचं, बंदूक इंग्लंडच्या राजाची, पण ती धरणारे बहुतेक आमच्याच शेतकऱ्यांचे मुलगे. पक्की नोकरी आणि म्हातारपणी पेन्शन, म्हणून पोरगा भरती व्हावा यासाठी आया चर्चमध्ये मेणबत्त्या लावत. खात्याचा एक नियम होता. शिपायाला त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात नेमायचं नाही, बायकोच्या माहेरच्या जिल्ह्यातही नाही. म्हणजे जाईल तिथे परकाच. ल्यूकला पार लांब टिपरेरी जिल्ह्यात पाठवलं.

मग इंग्रजांना हाकलायची लढाई पेटली. पीलरला कोणी दूध विकेना, चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला त्याच्या बाकावर कोणी बसेना, आणि वळणावळणावर कुंपणाआडून गोळ्या येऊ लागल्या. शेकडो मेले, हजारोंनी नोकरी सोडली. वीस सालच्या उन्हाळ्यात विनीने दुकानात सांगितलं की ल्यूकने कोट उतरवला, म्हणजे नोकरी सोडली, आणि तो बोस्टनला गेला, तिथे ट्राम चालवतो. कोट उतरवणाऱ्याच्या आईला तेव्हा मान होता, न उतरवणाऱ्याच्या आईला गाव वाळीत टाकायचं. गावाने तिचं गवत कापून दिलं, जळणाचं पीट घरपोच आणून टाकलं. पेपरात काही छापून आलं असलं तरी आम्हाला कळायचं नाही. रेल्वेवाले हत्यारबंद शिपायांना गाडीत घेत नव्हते, त्यामुळे गाड्याच उभ्या होत्या.

मला मात्र ते पहिल्यापासून पटलं नाही. अमेरिकेला निघालेलं पोर आदल्या रात्री घरी येतं, गाव जमतं, नाचतं आणि रडतं. ल्यूक कोणालाच भेटला नाही. पुढे एखादा फोटोही नाही. विनीला विचारलं की म्हणायची, “तो कामात असतो गं.” याउपर ताकास तूर लागू द्यायची नाही.

शिवाय दर जूनमध्ये एक माणूस सायकलवर यायचा. आत जाण्याआधी वाटेच्या दोन्ही टोकांना बघायचा. विनी त्याला खिडकीपाशी खुर्ची द्यायची, तर तो ती उचलून भिंतीला पाठ लावून बसायचा. चहा घ्यायचा आणि निघून जायचा. दुकानदार थेडी ग्रेली म्हणाला की जमीन बघायला येत असेल. मी म्हटलं, पीलर होता तो, आणि त्याची पाठ अजून पीलरचीच आहे.

गेल्या साली माझी नणंद होनोर बोस्टनहून आली. तिचा नवरा ट्रामवरच कामाला. ल्यूक टार्पी नावाचा माणूस ना ट्रामवर आहे ना तिथल्या चर्चमध्ये, असं ती भर दुकानात बोलली. थेडीच्या हातातला चहाचा डबा तसाच राहिला. इंग्लंडहून या पीलरांच्या मदतीला आणलेल्या दांडग्या टोळीने वीस सालच्या नोव्हेंबरात थेडीचा धाकटा भाऊ पीटर घरातून ओढून नेला होता आणि दूधडेअरीच्या फाटकाशी गोळी घातली होती. लढणाऱ्यांपैकी म्हणून त्याचं नाव गावातल्याच कोणीतरी त्यांना दिलं होतं. कोणी, ते कधी कळलं नव्हतं.

“मग ते ल्यूकनेच दिलं,” ओवेन म्हणाला. “कोट उतरवलाच नव्हता त्याने.”

ओवेन कोणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून त्याचं बोलणं सगळ्यांना खरं वाटलं. मलाही वाटलं. त्या दिवसापासून विनी दुकानात शिरली की बोलणी बंद व्हायची. पीट कोणी टाकलं नाही. नेमकी त्या वसंतात घरच्या मिस्सेची पाळी तिच्याकडे आली.

ही मिस्सा पाळीने घराघरात होते आणि पाळी कोणाला टाळता येत नाही. विनीने भिंतींना चुना दिला, टेबल खुर्च्यांवर चढवून वेदी केली. गाव आलं, कारण न येणं म्हणजे देवाशी वैर. पण सगळे दाराशी खेटून गुडघ्यावर बसले, तिच्या बाजूला कोणी नाही. मिस्सा संपली की फादर घरातल्या मेलेल्यांची नावं विचारतात आणि सगळे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात.

विनी म्हणाली, “मार्टिन. एली.” आणि थांबली.

फादर क्विग्ली नवीन होते. ते मायेने म्हणाले, “आता अमेरिकेतल्या ल्यूकसाठी. देव त्याला सुखरूप ठेवो.”

“नको, फादर,” विनी म्हणाली. “जिवंतांत नको. अकरा वर्षं तुम्ही सगळे त्याच्या तब्येतीसाठी प्रार्थना करताय आणि त्याच्या आत्म्यासाठी कोणीच नाही. त्याला मार्टिनजवळ घ्या. ल्यूक टार्पी, शिपाई. वीस सालच्या जूनमध्ये गस्तीवर गोळी लागून गेला. तिकडेच पुरलाय. सायकलवर येतो तो त्याचा जमादार. त्याच्याच मांडीवर गेला माझा ल्यूक.”

मला रडू फुटलं. माझ्यासारख्या बाईला फुटलं, यावरून काय ते समजा. फादर अडखळत म्हणाले, “हे प्रभू, त्याला सार्वकालिक विसावा दे.” पुढची ओळ आम्ही म्हणायची असते. कोणी म्हणेना. सगळे थेडीकडे बघत होते आणि थेडी जमिनीकडे. त्याचे ओठ हलत होते, जून, जुलै, ऑगस्ट. ल्यूक जूनमध्ये मेला होता. पीटरचं नाव नोव्हेंबरात दिलं गेलं होतं.

“आणि निरंतर प्रकाश त्याच्यावर पडो,” थेडी म्हणाला, मोठ्याने. मग बाकीच्यांनी म्हटलं.

नंतर तो उठला आणि त्याने विनीपुढे हात केला. “तुझ्या दुःखाचं वाईट वाटतं, विनी.” कोणी गेलं की आमच्याकडे हेच म्हणतात, जास्त काही नाही. एकेक जण तिच्यापुढे येऊ लागला. विनी प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घ्यायची आणि सोडायची नाही, मागचा माणूस खोळंबून राहायचा. मी हात दिला तेव्हा म्हणाली, “मला वाटायचं, हे ऐकायच्या आधीच मी मरेन.”

नाश्ता मांडला होता, पण थेडी बसला नाही. तो दारात उभा राहून आमच्या एकेकाकडे बघत होता. मला म्हणाला, “तुझी नजर सगळ्यांवर असते ना? मग ल्यूक नव्हता तर कोण होतं, सांग.”

मी मागे वळले. ल्यूकचं नाव पहिल्यांदा घेणाऱ्या ओवेनने अजून विनीला हात दिला नव्हता. रांगेत तो सगळ्यात शेवटी होता, आणि त्याची पाळी आली तेव्हा तो टोपी उचलून मागच्या दाराने गोठ्याकडे निघून गेला.

घरी आल्यावर म्हणाला, आत फार उकडत होतं. आता मी समोरच्या घराकडे बघत नाही. विनीकडे सकाळ-संध्याकाळ कोणी ना कोणी असतं. मी माझ्या टेबलाशी बसते आणि ओवेनचं जेवण संपेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहते.